जुन्नरच्या महोत्सवाला जाताय? मग लेण्यांतील शिलालेखही वाचून या

पुणे जिल्ह्यातील जुन्नर हे तसे छोटे शहर. पुण्यापासून साधारण 95 किलोमीटरवर, कुकडी नदीच्या काठी, चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले. राज्य शासनाने 2018 मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. तेव्हापासून इथे फेब्रुवारी महिन्यात वर्दळ वाढली आहे. 19 फेब्रुवारीला शिवजयंती, त्याच सुमारास द्राक्षांचा हंगाम. पर्यटन विभागाने इथे हिंदवी स्वराज्य महोत्सव भरवलेला आहे, द्राक्ष महोत्सवही होतो. पोवाडे, लोककला, खाद्यपदार्थांचे स्टॉल, बचत गटांची दुकाने, किल्ल्याची आणि परिसराची सहल असा एकंदर थाट असतो.

आपल्यापैकी अनेकजण कुटुंबासह अशा महोत्सवाला जातात. जायलाच हवे. पण परत आल्यावर "काय पाहिले?" असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर दोन शब्दांत संपते : शिवनेरी आणि लेण्याद्रीचा गणपती. ज्या डोंगरात तो गणपती आहे, तो डोंगर बौद्ध लेण्यांचा आहे, हे अनेकांना पायऱ्या चढून उतरल्यावरही कळलेले नसते. म्हणून हा लेख. जुन्नरचा वारसा नेमका कोणाकोणाचा आहे आणि महोत्सवाला गेल्यावर तो कसा पाहावा, हे आम्ही इथे सांगणार आहोत.

नाणेघाट : जुन्नर मोठे का झाले?

कुठलेही गाव उगाच मोठे होत नाही. जुन्नर मोठे झाले ते रस्त्यामुळे. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल सह्याद्री चढून देशावर आणायचा, तर वाट हवी. ती वाट म्हणजे नाणेघाट. जुन्नरच्या पश्चिमेला, कड्याच्या तोंडाशी, हा घाट आजही उभा आहे. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरेने सांगितले जाते.

घाटातील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. त्यात राजघराण्याने केलेल्या वैदिक यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. त्या नोंदींत आलेले अंक हे भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी मानले जातात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घाटाच्या तोंडाशी यज्ञ करणाऱ्या राजघराण्याचा लेख आहे आणि त्याच घाटातून आलेल्या व्यापाऱ्यांनी पुढे जुन्नरला भिक्खू संघासाठी लेणी कोरून दिली. एकाच काळात, एकाच रस्त्यावर, वेगवेगळ्या श्रद्धांची माणसे ये-जा करत होती. आज ज्याला आपण बहुसांस्कृतिक वारसा म्हणतो, तो जुन्नरला दोन हजार वर्षांपासून आहे.

लेण्यांचे शहर

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास खोदकामे आहेत. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी भारतात क्वचितच सापडतील. ती मुख्यतः चार ठिकाणी विखुरली आहेत : पश्चिमेला तुळजा लेणी, गावाला लागून शिवनेरीच्या कड्यात, दक्षिणेला मानमोडीच्या डोंगरात आणि उत्तरेला लेण्याद्रीला. इ.स.पूर्व पहिल्या शतकापासून पुढील तीनेक शतके ही कामे होत राहिली.

इथे बुद्धमूर्ती दिसत नाही म्हणून काही लोक गोंधळतात. "मूर्ती नाही, मग बौद्ध कशावरून?" असा प्रश्न आम्हालाही अनेकदा ऐकायला मिळतो. उत्तर सोपे आहे. ही लेणी ज्या काळातील आहेत, त्या काळात या भागात बुद्धांची मूर्ती कोरण्याची प्रथा रुजलेली नव्हती. वंदन स्तूपाला केले जाई. त्यामुळे चैत्यगृहात गेल्यावर मूर्ती शोधू नये, स्तूप पाहावा. ज्या लेण्यात खोल्या आणि दगडी ओटे आहेत, तो विहार. पावसाळ्यात भिक्खू चारिका थांबवून एका जागी राहत. त्या वर्षावासासाठी ही सोय होती. प्रत्येक लेण्याशेजारी पाण्याचे टाके असते, त्याला शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. पावसाचे पाणी कड्यावरून वळवून टाक्यात घेण्याची पद्धत इतकी पक्की होती की काही टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी टिकते.

तुळजा लेण्यांतील चैत्यगृह तर आवर्जून पाहावे. ते गोल आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचे कडे, वर घुमटासारखे छत. अशा आकाराचे चैत्यगृह फार कमी ठिकाणी आहे. तिथे एका लेण्यात पुढे तुळजाभवानीची स्थापना झाली, त्यावरून लेण्यांना आजचे नाव पडले.

दान देणारे कोण होते?

लेण्यांचा खरा इतिहास भिंतीवरच्या अक्षरांत आहे. जुन्नरच्या शिलालेखांत 'देयधम' हा शब्द वारंवार येतो. देयधम म्हणजे धम्मासाठी दिलेले दान. लेख बहुतेक एक-दोन ओळींचे आहेत : कोणी दिले, कुठला राहणारा, काय दिले. राजाची स्तुती नाही, लांबलचक वंशावळ नाही. पण हीच छोटी वाक्ये जुन्नरचा समाज आपल्यासमोर उभा करतात.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कल्याणच्या सुलसदत्ताचे नाव आहे. तो हेरणिकाचा, म्हणजे सोन्या-नाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा, मुलगा. कल्याणचा माणूस घाट चढून जुन्नरला येतो आणि चैत्यगृहासाठी दान देतो, यावरून नाणेघाटाच्या रस्त्याचे महत्त्व कळते.

दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटना. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे. मुद्दल श्रेणीकडे राहायचे आणि व्याजातून संघाची गरज भागायची. आजच्या भाषेत ही मुदत ठेवच झाली. आपण इथे क्षणभर थांबावे. पुढच्या काळात ज्या हातांना जातीच्या उतरंडीत खाली ढकलले गेले, त्या बुरुडकाम करणाऱ्या आणि भांडी घडवणाऱ्या हातांवर दोन हजार वर्षांपूर्वी लोक आपला पैसा विश्वासाने सोपवत होते. जुन्नरच्या दगडावर हे कोरलेले आहे. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

परदेशी माणसेही या दानात होती. जुन्नरच्या तीन लेखांत दात्याने स्वतःला 'यवन' म्हटले आहे. इरिल याने दोन टाकी दिली. चंद याने मानमोडीला चैत्यगृहाच्या दर्शनी भागासाठी दान दिले. चिट याने शिवनेरीच्या लेण्यांत संघासाठी भोजनमंडप दिला. यवन म्हणजे मुळात ग्रीक आणि पुढे पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांची नावे पाहा, ती बरीचशी इथल्या भाषेत मिसळली आहेत.

शकही होते. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने 46व्या वर्षी टाके आणि मंडप दिल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात आडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाची आणि वडाची झाडे लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न दिल्याचे वाचन अभ्यासकांनी केले आहे. झाडे लावण्यासाठी ठेव! आज वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्यांनी हा लेख जरूर पाहावा.

धम्माने त्यांना जात विचारली नाही, देश विचारला नाही. देणारा यवन की शक की बुरुड, हे लिहिले गेले ते ओळख म्हणून. अडवण्यासाठी नव्हे.

लेण्याद्री : एकाच डोंगरावर दोन श्रद्धा

आता लेण्याद्रीकडे येऊ. गावापासून साधारण पाच किलोमीटरवर हा डोंगर आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर लेण्यांची एक लांब रांग दिसते. त्यातील सातव्या क्रमांकाच्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांपैकी एक. हे लेणे मुळात विहार आहे. मध्ये एकही खांब नसलेले प्रशस्त दालन आणि कडेने भिक्खूंच्या खोल्या. शेजारीच सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. खांब, कमान, आतमध्ये स्तूप. गणपतीचे दर्शन घेऊन निघालेली रांग बऱ्याचदा या चैत्यगृहात डोकावतही नाही.

याबाबत आमचे म्हणणे स्पष्ट आहे. लेण्यांचा वापर काळाबरोबर बदलतो. मानमोडीच्या अंबा-अंबिका लेण्यांत पुढे जैन मूर्ती कोरल्या गेल्या, तुळजा लेण्यांत देवी आली, लेण्याद्रीला गणपती आला. संघ क्षीण झाला, वसती उठली, रिकाम्या जागेत दुसरी श्रद्धा आली. आज गणपतीला येणाऱ्या भाविकाशी भांडण्यात अर्थ नाही. तो श्रद्धेने येतो. प्रश्न भाविकाचा नाही, सांगण्याचा आहे. त्या भाविकाला "आपण ज्या दालनात उभे आहोत, ते बौद्ध भिक्खूंचे विहार आहे" हे कोणी सांगतच नसेल, तर त्यालाही अर्धाच इतिहास मिळतो. गणपतीचे स्थान सांगताना विहार सांगितल्याने गणपतीचे काही कमी होत नाही. विहार लपवल्याने मात्र इतिहासाचे नक्कीच कमी होते.

किल्ला, सुलतान, हबशी आणि कोळी

लेण्यांनंतरचे जुन्नरही तितकेच विविध आहे. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन चौलच्या बंदरात उतरून जुन्नरला आला आणि पावसाळ्यात इथेच राहिला. त्याने विकायला आणलेला घोडा इथल्या अंमलदाराने हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा आणि वर पैसे मिळतील, असे सांगितले. निकितिनने धर्म बदलला नाही. एका खुरासानी मुस्लिमाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. ही हकीकत त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. जबरदस्ती करणारा आणि मदतीला धावणारा, दोघेही एकाच धर्माचे होते, हे इथे विसरू नये.

जुन्नरचा सुभेदार असलेल्या अहमद निजामशहाने 1490 मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि नंतर अहमदनगर वसवले. पुढे इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि काही काळ जुन्नर हीच राजधानी होती. गावाजवळच्या हापूसबाग या नावाचा उगम 'हबशी बाग' असा सांगितला जातो. त्याच परिसरात सौदागर घुमट ही देखणी वास्तू उभी आहे. जुन्नरला हातकागद बनवणारे कागदी कारागीर होते. जुन्या कागदपत्रांत जुन्नरी कागदाचे नाव आढळते. म्हणजे इतिहास लिहायला लागणारा कागदसुद्धा हे गाव पुरवत होते.

शिवनेरीवर 1630 मध्ये शिवरायांचा जन्म झाला. महाराष्ट्रातील बहुजन समाजाला या जागेचे मोल वेगळे सांगायला नको. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये शिवरायांवर पोवाडा प्रसिद्ध केला आणि त्यांना शेतकऱ्यांचा, कष्टकऱ्यांचा राजा म्हणून मांडले. किल्ला चढताना तीन गोष्टी पाहाव्यात. कड्यातील बौद्ध लेणी, वरची कमानी मशीद आणि कोळी चौथरा. मुघलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची इथे कत्तल झाली, त्याची आठवण म्हणजे हा चौथरा. जन्मस्थानाइतकीच गर्दी चौथऱ्यापाशीही व्हावी, असे आम्हाला वाटते.

याच तालुक्यातील ओतूरला सत्यशोधकांनी भटजीला न बोलावता लग्ने लावली. भटजींनी दक्षिणेच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढली. एकोणिसाव्या शतकातील ही लढाई जुन्नरच्या सहलीत कोणी सांगत नाही. ती सांगायला हवी.

गाणे आणि खाणे

महोत्सव म्हटला की गाणे आले. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, पण 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा हलाखीतच होत्या. आज राज्य शासन त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

तमाशाकडे पाहताना आपल्या समाजात दोन मते आहेत. एक म्हणते, ही आपल्या माणसांची कला आहे, अभिमान बाळगा. दुसरे म्हणते, जातीने लादलेले काम होते, त्यातून बाहेर पडणे हाच स्वाभिमान. आम्हाला दोन्हींत तथ्य दिसते. म्हणून महोत्सवात लावणीवर शिट्टी वाजवून घरी येण्यापेक्षा कलावंताला योग्य मानधन मिळते का, तिच्या मुलांच्या शिक्षणाचे काय, हे विचारावे. आणि व्यासपीठावर पोवाड्याबरोबर जलशालाही जागा मागावी. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच बाज घेतला आणि त्यातून प्रबोधन केले. हा आपला संगीत वारसा आहे.

खाण्यात जुन्नरची ओळख म्हणजे मासवडी. नावात मासा असला तरी पदार्थ शाकाहारी. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, कांदा-लसणाचे सारण भरून वळकटी करतात, वड्या कापतात आणि झणझणीत रश्शाबरोबर बाजरीची भाकरी. हंगामात द्राक्षे आहेतच. पश्चिम भागातील आदिवासी महादेव कोळी कुटुंबे भात पिकवतात आणि हिरडा गोळा करतात. स्टॉलवर त्यांचा तांदूळ, नाचणी दिसली तर घासाघीस न करता घ्यावी.

खाताना यवन चिटाचा भोजनमंडप आठवावा. संघात भिक्खू एका पंक्तीत बसत. पूर्वायुष्यात कोण राजपुत्र, कोण नाभिक, याला तिथे किंमत नव्हती. ज्या देशात पंगत हीच भेदाची जागा होती, तिथे एका परदेशी उपासकाने समतेच्या पंगतीसाठी जागा कोरून दिली. महोत्सवातील जेवणाच्या मंडपात कोण शिजवते, कोण वाढते आणि कोण बाहेर उभे असते, हे पाहिले म्हणजे आपण त्या पंगतीपासून किती दूर आलो ते कळेल.

दोन दिवसांत काय पाहावे?

पहिल्या दिवशी सकाळी लवकर शिवनेरी चढावा. किल्ला पाहून झाल्यावर दुपारी गावात सौदागर घुमट आणि संध्याकाळी महोत्सवाचे कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री : आधी सहावे चैत्यगृह, मग सातवे विहार, नंतर उरलेली लेणी. दुपारनंतर तुळजा लेणी. तिसरा दिवस असेल तर मानमोडी आणि नाणेघाट. मानमोडीला एकटे जाऊ नये. वाट अवघड आहे, स्थानिक माहितगार सोबत घ्यावा. विजेरी, पाणी आणि टोपी हवीच. लेण्याद्रीला माकडांपासून पिशव्या सांभाळाव्यात. कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून धूर, फटाके, उग्र अत्तर टाळावे.

आपली जबाबदारी

तक्रार करणे सोपे असते. आधी स्वतःकडे पाहू. लेण्यांत मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावून भिंती काळ्या करणारे, दगडावर 'जय भीम' लिहिणारे, स्तूपाला रंग फासणारे आपल्यातही आहेत. भावना चांगली असली तरी नुकसान ते नुकसानच. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास 1958च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. वंदन करायचे तर हात जोडून, शांतपणे त्रिसरण-पंचशील म्हणावे. दगडाला त्यापेक्षा जास्त काही नको.

आणि महोत्सव भरवणाऱ्यांकडे आपली मागणी साधी आहे. सहलीच्या पत्रकात 'लेण्याद्री बौद्ध लेणी व गिरिजात्मज गणपती' असे पूर्ण नाव छापावे. महत्त्वाच्या शिलालेखांचा मराठी अर्थ सांगणारे फलक लावावेत. स्थानिक तरुण-तरुणींना ब्राह्मी लिपीची तोंडओळख करून देऊन वाटाडे म्हणून तयार करावे. यात आदिवासी, मुस्लिम, बौद्ध, मराठा सर्व घरांतील मुले असावीत. त्यातून रोजगारही मिळेल. ब्राह्मी शिकवणारे अनेक अभ्यासक आज महाराष्ट्रभर कार्यशाळा घेतात, मनुष्यबळाची अडचण नाही.

ही मागणी ग्रामस्थांच्या आणि आयोजकांच्या कानावर घालण्याचे काम महोत्सवाला जाणाऱ्या प्रत्येकाने करावे. मासवडी खावी, पोवाडा ऐकावा, किल्ला चढावा. आणि परतताना लेण्याद्रीच्या चैत्यगृहासमोर मुलांना उभे करून सुलसदत्ताच्या नावावर बोट ठेवावे, दगडाला हात न लावता. कल्याणहून घाट चढून आलेल्या त्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे. ते वाचणारे कमी पडू नयेत, एवढे आपल्या हातात आहे.